मणक्याला मार लागल्यानंतर बाप होताना

माझी लेव्हल, म्हणजे कण्यात मार लागलेली जागा, डी५, आणि कम्प्लीट, म्हणजे पूर्ण मार. छातीच्या बोंडांच्या जरा खाली आडवी रेघ मारली तर रेघेच्या वर मी पहिल्यासारखा, खाली स्पर्शही नाही आणि हालचालही नाही. परदेशी माहितीत टी५ लिहिलेलं असतं, आपल्याकडचे डॉक्टर डी म्हणतात, दोन्ही एकच, छातीमागचा भाग; त्याखाली कमरेचा एल आणि अगदी खालचा एस. राजापूर तालुक्यातलं गाव, मे महिना, हापूसचं कलम, फांदी मोडली आणि पाठीवर आलो. आमच्याकडे आंब्याच्या सीझनला असं कोणी ना कोणी पडतंच. लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, मूल नव्हतं.

आता मुलगी आहे, बालवाडीत जाते. मधल्या काळात काय काय झालं ते लिहितोय, कारण मी स्वतः शोधत होतो तेव्हा मराठीत काही म्हणजे काही मिळालं नाही, एकतर ताकदीच्या औषधांच्या जाहिराती नाहीतर दोन ओळींत डॉक्टरांचा सल्ला घ्या. आणि डॉक्टर तर ह्या विषयावर बोलतच नव्हते. कोल्हापूरला ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू टाकून मणका पक्का केला, बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदला, लघवीची पिशवी अशी बांधा, पाय असे हलवा, सगळं सांगितलं आणि मनापासून सांगितलं. पण नवरा-बायको म्हणून पुढे काय, हे कोणी काढलं नाही आणि मी तरी कसं विचारणार, उशाशी आई बसलेली आणि दाराशी सासरे उभे.

पहिल्यांदा हा विषय निघाला तो कॅथेटर बदलताना. काही आठवडे उलटले होते, वॉर्डमधले ब्रदर कॅथेटर बदलत होते आणि एकदम ताठरता आली. मला जाणवलं काहीच नाही, खाली बघितलं तेव्हा दिसलं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो, सॉरी म्हणायला लागलो. ब्रदरनी चादर ओढली आणि एकदम सरळ आवाजात सांगितलं, "लाजू नका दादा, हा रिफ्लेक्स आहे. सुरुवातीला मणक्याला शॉक बसलेला असतो, सगळं थंड पडतं, तो शॉक उतरला की हे परत येतं. तुमच्यासाठी चांगलं लक्षण आहे हे." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण एक स्पष्ट सांगतो, मी आणि भाऊ दोघांनाही तेव्हा वाटलं की आता पायही हलणार. तसं नसतं. रिफ्लेक्स आला म्हणजे मेंदूची लाइन जोडली गेली असा अर्थ होत नाही.

हे नीट समजलं पुढे हाजी अलीला. तिथे केंद्र सरकारचं पुनर्वसनाचं हॉस्पिटल आहे, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, १९५५ पासूनचं. ओपीडीत एक मॅडम होत्या, त्यांनी बायकोला बाहेर न पाठवता दोघांना समोर बसवून विचारलं, "संबंध येतात का? मूल हवंय का?" असं कोणी तोंडावर विचारलं हेच पहिल्यांदा. मग कागदावर पाठीचा कणा काढून दाखवला. ताठरतेचे दोन रस्ते असतात. मनात विचार आला, काही बघितलं, त्यातून येणारी ताठरता डी११ ते एल२ ह्या भागातून येते, त्याला मेंदूचा निरोप लागतो. आणि प्रत्यक्ष स्पर्शाने येणारी कण्याच्या अगदी खालच्या टोकातून, एस२ ते एस४ मधून, तिला मेंदूची परवानगी लागत नाही, तालुक्याला न विचारता ग्रामपंचायत आपल्या अधिकारात काम करते तसं. माझा मार दोन्हीच्या वर, त्यामुळे नुसत्या विचाराने काही होणार नाही पण स्पर्शाने होईल. ज्यांचा मार अगदी खाली आहे, एल१ वगैरे, तिथे कण्याचं खालचं टोक किंवा नसांचा झुबकाच दुखावलेला असतो, त्यांचं चित्र वेगळं. म्हणून दुसऱ्या पेशंटचं ऐकून आपलं ठरवायचं नाही. कम्प्लीट की इनकम्प्लीट, लेव्हल कुठली, खालचे रिफ्लेक्स जिवंत आहेत का, ह्यावर सगळं आहे, आणि ते रिफ्लेक्स डॉक्टर पाच मिनिटांत तपासतात, संडासच्या जागी बोट घालून आणि तळपायाला ओरखडून.

आता घरातलं. आमचं घर कोकणी, माजघर, मधे पडदा, आणि रात्री मला कुशीवर वळवायचं म्हणून आई माझ्या खाटेशेजारीच झोपायची. कित्येक महिने आम्हा दोघांना एकांत असा नव्हताच. सासरे येऊन दोनदा सांगून गेले की पोरीचं वय काय, आयुष्य पडलंय, आम्ही घेऊन जातो. ती त्यांना म्हणाली, "बाबा, माझं मी ठरवीन." आणि त्याच आठवड्यात एका रात्री अंथरूण घालताना आईला म्हणाली, "आई, आजपासून ह्यांना मी वळवीन, तुम्ही आत झोपा, तुमचीही झोप होत नाही." आई काही बोलली नाही, उशी उचलली आणि आत गेली. आमचा संसार परत सुरू झाला तो त्या वाक्याने, कुठल्या गोळीने नाही. लोक तिला देवी म्हणतात, सावित्री म्हणतात, मला ते अजिबात आवडत नाही. तिला नवरा हवा होता, स्पर्श हवा होता, मूल हवं होतं, आणि ह्या तिच्या स्वतःच्या इच्छा आहेत. देवी म्हटलं की त्या इच्छा पुसून टाकायच्या असतात आणि मग तिला काय हवंय हे कोणी विचारत नाही.

प्रत्यक्षात काय करायचं ते थोडं तपशिलात लिहितो, कारण ह्याच गोष्टी कोणी सांगत नाही. आधी संडासचा प्रोग्राम उरकून घ्यायचा आणि सीआयसीने (दर वेळी नळी घालून लगेच काढून घ्यायची पद्धत) लघवी पूर्ण काढायची, नाहीतर मधेच गळते आणि दोघांचा मूड जातो. खाली रेक्झिन आणि वर जाड टॉवेल. ज्यांना कायमचा कॅथेटर आहे ते तो मागे दुमडून घेतात आणि वरून कंडोम लावतात, बायकांना पोटावर चिकटपट्टीने बाजूला लावता येतो. मला पायांचे स्पॅझम, म्हणजे आपोआप येणारे झटके, जोरात येतात, त्यामुळे गुडघ्यांखाली उशी. बायको वर किंवा दोघं कुशीवर, जे जमेल ते, त्यात ठरलेलं असं काही नाही. नंतर माकडहाड, टाचा आणि मांड्यांच्या आतली कातडी टॉर्च मारून बघायची, लाल झालंय का, खरचटलंय का, कारण मला कळणार नाही. आणि एक गोष्ट जी मला खूप उशिरा उमगली ती अशी की रेघेच्या वरचं शरीर आधीपेक्षा जास्त जागं होतं, मान, कानामागचा भाग, खांदे. खाली काही कळत नसलं तरी सुख नाही असं नाही. कळायला वेळ लागतो आणि त्यासाठी बोलावं लागतं, आम्ही दोघं आधी ह्यावर कधीच बोललो नव्हतो, आता बोलतो.

ताठरता यायची पण टिकायची नाही. त्यासाठी सिल्डेनाफिल दिलं, २५ मिलिग्रॅमपासून सुरू, कारण माझ्या लेव्हलला बीपी आधीच कमी असतं, माझं बसल्यावर १०० च्या आसपास. भरल्या पोटी, तळलेलं-तुपाचं खाऊन घेतली तर उशिरा चढते. टॅडॅलाफिल जास्त वेळ राहतं, पार ३६ तासांपर्यंत, काहींना ते सोयीचं पडतं. मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका एवढंच कळकळीने सांगतो, आणि त्याचं कारण पुढे येतंय. ज्यांना गोळी लागू पडत नाही त्यांना व्हॅक्यूम पंप असतो, त्याची रिंग अर्ध्या तासाच्या वर ठेवायची नाही, आणि इंजेक्शन असतं, त्याचा डोस आपल्यासारख्यांना अगदी थोडा लागतो. ताठरता चार तासांवर राहिली तर दुखत नाहीये म्हणून घरी थांबायचं नाही, तडक इमर्जन्सीला जायचं. आपल्याला दुखणारच नाही ना.

गोळी आपल्या मनाने आणू नका म्हणालो त्याचं कारण असं की डी६ आणि त्याच्या वरच्या माणसांना ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो. खाली कुठे काही त्रास झाला, लघवी तुंबली, नख रुतलं, किंवा संबंधाच्या वेळी उत्तेजना वाढली, की बीपी झरझर वर जातं आणि मेंदू खाली ब्रेक पाठवू शकत नाही. डोकं फुटेल इतकं दुखतं, तोंड लाल होतं, मानेवर-कपाळावर घाम येतो. माझं नेहमीचं १०० असतं, एकदा १७० बघितलंय. जे काय चाललंय ते थांबवायचं, ताठ बसायचं, कपडे ढिले करायचे, लघवी तुंबलीये का बघायचं, उतरत नसेल तर डॉक्टरने दिलेलं औषध घ्यायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. आता गंमत नाही, धोका बघा: हॉस्पिटलात बीपी उतरवायला नायट्रेटची गोळी किंवा मलम लावतात, आणि सिल्डेनाफिल पोटात असताना २४ तासांत, टॅडॅलाफिल असेल तर ४८ तासांत, नायट्रेट दिलं तर बीपी एकदम कोसळतं, जीवावर बेतू शकतं. म्हणून तिथे लाज न बाळगता सांगायचं, ही गोळी घेतलीये. आणखी एक म्हणजे सिल्डेनाफिलनेही डोकं दुखतं, आणि डिसरिफ्लेक्सियानेही दुखतं. दोन्हीतला फरक अंदाजाने कळत नाही, बीपीचं मशीन लावलं की कळतो. आमच्या खाटेशेजारी ते मशीन कायम असतं.

आता मूल. संबंध येत होते पण वीर्य बाहेर येत नव्हतं. हे आपल्यातल्या बहुतेक पुरुषांचं होतं, कारण वीर्यपतनाला डी१० ते एल२ आणि एस२ ते एस४ ह्या दोन्ही भागांचा मेळ लागतो आणि मणका दुखावला की तो मेळ मोडतो. आम्ही शहरातल्या एका आयव्हीएफ सेंटरला गेलो. डॉक्टरांनी फाइल उघडली, पॅराप्लेजिया (दोन्ही पाय लुळे) वाचलं आणि सांगितलं, अंडकोषात सुई घालून शुक्रजंतू काढू आणि इक्सी करू, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडायचा. खर्च दीड-दोन लाख, तोही एका सायकलचा, आणि बायकोला रोजची हार्मोनची इंजेक्शनं. मला तपासलं नाही, रिफ्लेक्स बघितले नाहीत, बायकोच्या ट्यूब मोकळ्या आहेत का तेही बघितलं नाही. इक्सी वाईट नाही, ज्यांना लागते त्यांच्यासाठी वरदान आहे. पण पहिल्या पायरीवर उभं न करता एकदम शेवटच्या पायरीवर नेऊन बसवायचं, आणि खर्च आणि सुया कोणाच्या, तर ज्या बाईत काहीच दोष नाही तिच्या, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

हाजी अलीच्या मॅडमना दाखवलं, त्यांनी मुंबईतल्या एका युरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली. त्या सरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, तुमचा मार डी१० च्या वर आहे, आधी व्हायब्रेटर लावून बघू, अशा दहातल्या साधारण आठ जणांना येतं. पण साधं मसाजर कामाचं नसतं, ठरावीक ताकद लागते, सेकंदाला १०० कंपनं आणि २.५ मिलिमीटर झोका, हे १९९० च्या दशकात डेन्मार्कमध्ये शोधून काढलं, आणि तिथलंच फर्टीकेअर नावाचं मशीन ह्याच कामासाठी बनवलेलं आहे.

त्या दिवशीचं सगळं आठवतंय. आधी लघवी काढली. लघवीचं कल्चर आधीच करून इन्फेक्शन नाही ह्याची खात्री केलेली होती. बीपी भडकू नये म्हणून जिभेखाली निफेडिपिन १० मिलिग्रॅम, मग थोडा वेळ थांबले, दंडाला बीपीचा पट्टा, दर मिनिटाला आकडा. मशीनची छोटी चकती इंद्रियाच्या टोकाला खालच्या बाजूने लावतात, दोन-तीन मिनिटं लावायची, मिनिटभर थांबून कातडी बघायची, परत लावायची. मला खाली काहीच कळत नव्हतं, मी छताकडे बघत होतो आणि बायको मॉनिटरकडे. मग पोटाचे स्नायू आपोआप आवळले, पाय ताठ झाले, दंडावर शहारा आला आणि मानेमागे ठोके पडायला लागले, बीपी १५० च्या पुढे गेलं, सर म्हणाले आता, आणि कपमध्ये वीर्य आलं. मशीन लगेच बाजूला, मला उठवून बसवलं, काही मिनिटांत बीपी खाली. बायकोने कप बघितला आणि तिचा चेहरा उतरला, कारण रंग पांढरा नव्हता, तपकिरी होता. सरांनी लगेच सांगितलं, रक्त किंवा रोग समजू नका, मणक्याच्या पेशंटमध्ये असा रंग दिसतो. त्या रात्री माझे पाय इतके मऊ पडले होते की बायकोला कूस बदलताना जोर लावावा लागला नाही. हेही नेहमीचं आहे म्हणे, त्यानंतर काही तास स्पॅझम उतरतात.

रिपोर्टमध्ये काउंट चांगला होता, कोटींमध्ये. मोटिलिटी, म्हणजे हलणाऱ्या शुक्रजंतूंचं प्रमाण, मात्र १२ टक्के, नॉर्मल ४२ च्या वर लागते. पांढऱ्या पेशी जास्त. मला वाटलं होतं दिवसभर व्हीलचेअरवर बसून गरमी होते म्हणून, नाहीतर इतका काळ साठून राहिलं म्हणून. पण मायामीच्या संशोधकांनी तपासलंय, शुक्रजंतू वाहिनीतून थेट काढले तर बऱ्यापैकी पोहतात, बाहेर पडताना ज्या द्रवात मिसळतात तो द्रवच त्यांना मारक ठरतो. म्हणजे कारखाना ठीक आहे. हे ऐकून मला किती हलकं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही, कारण पुरुष म्हणून आपण संपलो हा विचार मी आतल्या आत धरून बसलो होतो.

बायकोची तपासणी केली, ट्यूब मोकळ्या, पाळी नियमित. मग सर म्हणाले, एवढ्या आकड्यावर आधी घरीच प्रयत्न करा. म्हणजे स्त्रीबीज सुटायच्या दिवसांत, पट्टीवर एलएच (स्त्रीबीज सुटायच्या आधी वाढणारं हार्मोन) दिसल्यावर, घरी मशीनने वीर्य काढायचं आणि बिनसुईच्या सिरिंजने योनीत सोडायचं. आमच्या गावात, आमच्या खोलीत, दार लावून. हे फक्त आधी दवाखान्यात दोन-चारदा बीपी बघून झालं असेल आणि डॉक्टरने हो म्हटलं असेल तरच, आणि कधीही एकट्याने नाही. कप कोरडा आणि स्वच्छ हवा, जेली किंवा थुंकी लावायची नाही, त्याने शुक्रजंतूंना अपाय होतो. मशीन महाग, आम्ही एका फौजी काकांकडून वापरायला आणलं, ते खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये राहिलेले, वयाने ६५ च्या पुढचे, त्यांनी फोनवर मला जेवढं समजावलं तेवढं कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. माझ्या वयाची पोरं ज्या विषयावर मान खाली घालतात त्यावर हे काका चहा पिता पिता बोलायचे.

काही महिने घरी केलं, राहिलं नाही. पाळी आली की घर दोन दिवस गप्प असायचं. मग आययूआय, म्हणजे वीर्य धुऊन, पोहणारे वेगळे काढून थेट गर्भाशयात सोडायचे. त्यासाठी सॅम्पल तासाभरात लॅबमध्ये पोचावं लागतं, राजापूरहून ते अशक्य, म्हणून डोंबिवलीला तिच्या मावसबहिणीकडे राहायचो. ज्या सेंटरला आययूआय केलं तिथल्या सॅम्पलच्या खोलीचं दार माझ्या व्हीलचेअरला अरुंद होतं. सिस्टरनी ड्रेसिंग रूम रिकामी करून दिली, त्या बिचाऱ्या चांगल्या होत्या, पण ज्या ठिकाणी मूल नसलेले पुरुष येतात तिथे व्हीलचेअरवरचा पुरुष येईल हे बांधताना कोणाच्या डोक्यातच आलं नाही ह्याचं मला फार वाईट वाटलं. सिस्टर बीपी बघत होत्या आणि बायको मशीन धरून, कारण तिचा हात आता सरावला होता. त्यातूनच दिवस राहिले. फोनवर रिपोर्ट कळला तेव्हा मी सीआयसी करत होतो, हातात नळी, आणि ती दारात उभी राहून फक्त "अहो" म्हणाली.

सगळ्यांचं आमच्यासारखं सोपं जात नाही हे पण सांगायला हवं. वॉर्डमधला माझा मित्र, साताऱ्याकडचा, एल१ चा मार, त्याला व्हायब्रेटरने काही आलं नाही, कारण खालचे रिफ्लेक्सच उरलेले नाहीत. त्याला इलेक्ट्रोइजॅक्युलेशन केलं, संडासच्या जागेतून प्रोब घालून थोडा थोडा करंट देतात. माझ्यासारख्या कम्प्लीट माणसाला भुलीशिवाय चालतं, त्याला थोडी संवेदना आहे म्हणून भूल द्यावी लागली. बरंचसं वीर्य उलटं मूत्राशयात गेलं, तसं होतंच त्यात, म्हणून आधीच मूत्राशय रिकामं करून आत शुक्रजंतूंना चालेल असं द्रावण भरून ठेवलं होतं, नंतर नळीने काढून घेतलं. जिवंत मिळाले पण फारच थोडे, म्हणून त्यांनी इक्सी केली, आणि त्याच्यासाठी तो निर्णय बरोबर होता, कारण आधीच्या पायऱ्या करून बघून तिथे पोचले. स्पॅझमसाठीचं बॅक्लोफेन चालू असेल, विशेषतः पंपाने मणक्यात, तर वीर्यपतन अडू शकतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, पण आपल्या मनाने बंद करू नका, एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

आणि बायकांचं तर कोणी बोलतच नाही. आमच्या रिहॅबच्या ओळखीतल्या एक ताई आहेत नाशिकच्या, डी४, टू-व्हीलरचा अपघात. त्यांची पाळी अपघातानंतर काही महिने बंद होती, घरच्यांनी समजूत करून घेतली की आता ही आई होणार नाही. पाळी परत आली. पण बाईची गर्भधारणेची क्षमता मणक्याच्या माराने कमी होत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यामुळे नको असताना दिवस राहू शकतात हेही सांगितलं नव्हतं. इस्ट्रोजेनच्या गोळ्या त्यांना चालत नव्हत्या, रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि तांबी सरकली तर दुखून कळणार नाही. पुढे त्यांनी ठरवून मूल होऊ दिलं. पहिल्यांदा गेल्या तिथल्या डॉक्टरबाईंनी तोंडावर विचारलं, कशाला हवंय तुम्हाला मूल. ताई तिथून उठून दुसरीकडे गेल्या. नऊ महिने लघवीचं इन्फेक्शन, वाढत्या वजनाने बेडसोरची भीती, ट्रान्सफर, म्हणजे खाटेवरून खुर्चीत जाणं, जड. डी१० च्या वर मार असेल तर कळा जाणवत नाहीत, म्हणून सातव्या महिन्यानंतर त्यांना पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक होतंय का ते ओळखायला शिकवलं आणि तपासण्या वाढवल्या. कळांमुळेही डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो, आणि तो गरोदरपणातल्या नेहमीच्या बीपीच्या त्रासासारखा दिसतो, तिथे चूक झाली तर आईच्या जीवावर येतं. त्यांना आधीच एपिड्युरल, म्हणजे पाठीतून द्यायची भूल, लावलं, दुखू नये म्हणून नाही, बीपी भडकू नये म्हणून, आणि नॉर्मल डिलिव्हरी झाली. ताई एक गोष्ट मोकळेपणाने सांगतात आणि लिहा म्हणाल्या म्हणून लिहितोय, शरीरसुखही त्यांना मिळतं, परमोच्च क्षणसुद्धा. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात कोमिसारुक आणि व्हिपल ह्या दोघांनी ह्यावर अभ्यास केलाय, पूर्ण मार लागलेल्या बायकांमध्ये व्हेगस नावाची नस कण्याला वळसा घालून गर्भाशयाकडची संवेदना थेट मेंदूला पोचवते असं त्यांना दिसलं. ताई म्हणतात हे कळल्यावर मला वेड लागलेलं नाही एवढं तरी कळलं.

अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याचं कलम १० सांगतं की प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची योग्य माहिती अपंग माणसाला मिळेल हे सरकारने बघायचं, आणि वंध्यत्व येईल असं काहीही त्याच्या मर्जीशिवाय करायचं नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की डिस्चार्जच्या वेळी जसं कॅथेटर शिकवतात तसं हेही शिकवायला हवं, दोघांना एकत्र बसवून, आणि लग्न झालेलं नसेल तर त्या मुलाला किंवा मुलीला एकटं बसवून, कारण आई-वडिलांसमोर ती पोरं विचारणारच नाहीत. मी फॉलोअपला जातो तेव्हा वॉर्डमधले नवीन पेशंट माझ्याशी बोलायला येतात, बायको चहा आणायला खाली गेली की हळूच विचारतात. मी त्यांना सांगतो, तिला येऊ दे, मग तिघं बोलू.

आम्हाला दुसरं हवंय. मुलगी तर रोज विचारते. सरांनी सांगितलंय की मधल्या काळात दोनदा इन्फेक्शन होऊन गेलंय तेव्हा जुन्या रिपोर्टवर जाऊ नका, लघवीचं कल्चर आणि वीर्य दोन्ही नव्याने तपासू, बायकोचं वय पस्तिशीकडे आलंय तेव्हा ह्यावेळी घरचे प्रयत्न जास्त लांबवायचे नाहीत, लवकर आययूआयला येऊ. पुढच्या महिन्यात कोकणकन्येची तिकिटं काढलीत, डोंबिवलीला कळवलंय, आणि काकांकडून मशीन परत मागवलंय.